दिव्याची रेघ आणि ठाण्याचे टिंब

दिवा स्थानकाच्या पाटीवर गावाचे नाव देवनागरीत लिहिलेले आहे आणि रोमन अक्षरांतही. देवनागरी नाव वाचताना कोणी अडखळत नाही. रोमन नाव चार अक्षरांचे : डी, आय, व्ही, ए. ते वाचताना मात्र आपण एक लहानशी लबाडी करीत असतो. गाव आपल्या ओळखीचे आहे, म्हणून त्या चार अक्षरांतून आपण 'दिवा' काढतो. ज्याला गाव ठाऊक नाही त्याने 'डिव' म्हटले, 'दीव' म्हटले, किंवा इंग्रजी पुस्तके वाचणाऱ्या मुलाने एखादी नामांकित गायिका डोळ्यांपुढे आणली, तर त्याचा दोष नाही. अक्षरांनी त्याहून अधिक काही सांगितलेलेच नाही. आणि मौज अशी, की रोमन पाटी मुळात या अनोळखी माणसासाठीच लावलेली असते.

शेवटच्या 'ए'च्या डोक्यावर एक आडवी रेघ असती, तर तो स्वर दीर्घ आहे हे त्याला कळले असते. कळव्याच्या 'एल'खाली एक टिंब असते, तर परप्रांतातून आलेला प्रवासी त्या गावाला 'कलवा' म्हणाला नसता. ठाण्याला अशी दोन टिंबे हवीत, एक ठसाठी आणि एक णसाठी. डोंबिवलीच्या डलाही एक हवे. ही रेघ आणि हे टिंब कोठून आले, पाट्यांवरून ते का गळाले आणि संगणकाच्या पोटात आज त्यांना कोणती जागा आहे, हा या व्याख्यानाचा विषय होता. त्या वेळी मी ही अक्षरे फळ्यावर काढून दाखविली होती. येथे त्यांचे वर्णन शब्दांनीच करतो.

दिव्याहून एक लोहमार्ग वसईला जातो. दुसरा पनवेलला जातो आणि तेथून पुढे कोकणात उतरतो. वसई १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, आणि कोकणचा मार्ग पुढे धरला की गोवा येतो. मराठी भाषा रोमन अक्षरांत बसविण्याचा पहिला मोठा उद्योग या दुसऱ्या वाटेच्या टोकाला झाला. गोव्यात मुद्रणयंत्र आले ते १५५६ साली. १५७९ साली तेथे टॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेजुइट पाद्री उतरला. त्याने आपले बहुतेक आयुष्य साष्टी प्रांतात घालविले. (ही गोव्याची साष्टी. ठाणे ज्या बेटावर वसले आहे तीही साष्टीच, आणि या दोन साष्ट्यांनी आजवर पुष्कळ अभ्यासकांना चकविले आहे.) स्टीफन्स मराठी शिकला, तीत त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली राचोल येथे छापून निघाले. मात्र छापले गेले ते रोमन अक्षरांत.

स्टीफन्सला रोमन अक्षरांचीच आवड होती म्हणून असे झाले, असा समज होण्याचा संभव आहे. तो खरा नाही. १६०८ सालच्या डिसेंबरात त्याने रोममधील आपल्या संघप्रमुखाला एक पत्र लिहिले. या देशाच्या भाषेत आणि या देशाच्या लिपीत पुस्तके छापली जावीत अशी आपली बहुत वर्षांची इच्छा आहे, मलबाराकडे तसे घडलेही आहे, असे त्याने त्यात कळविले. तमिळ खिळ्यांनी छापलेले पुस्तक १५७८ सालीच कोल्लमला निघाले होते, त्याकडे त्याचा रोख होता. आपल्या प्रांतात हे का घडले नाही याची त्याने दोन कारणे दिली. एक, वरिष्ठांची अनुज्ञा. दुसरे, खिळ्यांची संख्या. युरोपचे काम चोवीस अक्षरांत भागते. आपली लिपी अक्षरागणिक म्हणजे व्यंजनस्वरांच्या जोडीने चालते, म्हणून तिला सुमारे सहाशे साचे लागतील, आणि एवढे साचे ओतणे अशक्य वाटले, असा त्याचा हिशेब होता.

माझ्या दृष्टीने या पत्रात आपला सगळा विषय बीजरूपाने आला आहे. भाषा कोणत्या रूपात टिकणार हे पंडित ठरवीत नाही, कवीही ठरवीत नाही. जुळाऱ्याच्या केसमध्ये किती कप्पे आहेत यावर ते ठरते. स्टीफन्सपाशी पोर्तुगीज भाषेसाठी भरलेली केस होती. तिच्यात टिंबे लावलेली अक्षरे नव्हती. मग त्याने काय केले? मूर्धन्य वर्णासाठी अक्षर दोनदा जुळविले. एक 'डी' म्हणजे द, दोन 'डी' म्हणजे ड. एक 'एन' म्हणजे न, दोन म्हणजे ण. शसाठी त्याने 'एक्स' वापरला, कारण पोर्तुगीज माणूस 'एक्स'चा उच्चार तसा करतो. अनुनासिकासाठी त्या केसमध्ये एक तयार चिन्ह होते : स्वराच्या डोक्यावर काढलेली लाटेसारखी रेघ, पोर्तुगीज जिला 'तिल' म्हणतात. या लाटेचे कुळ शोधले तर ती मुळात एक छोटा 'एन'च आहे. लेखनिक मंडळी चर्मपत्र वाचविण्यासाठी 'एन' ओळीतून काढून स्वराच्या माथ्यावर बसवीत. लॅटिनमधील लोकरीचा 'लाना' शब्द पोर्तुगीजांत आला तो अशा रीतीने 'न' गमावून आणि माथ्यावर लाट मिरवीत. आपल्या अनुस्वाराची ही दूरची बहीणच म्हणावयाची.

स्टीफन्सची ही तडजोड मला शहाणपणाची वाटते. हाती असलेल्या खिळ्यांतच भागवावयाचे, तर याहून बरे काही सुचत नाही. पण तिची किंमत पडलीच. दोन 'टी' म्हणजे जर ट, तर 'चित्त' कसे लिहावयाचे? ऱ्हस्व आणि दीर्घ स्वर तर वेगळे दाखविलेच जात नाहीत. १९०७ साली मंगळूरला या पुराणाची आवृत्ती निघाली, तीही रोमन अक्षरांतच. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्यात ते देवनागरीत आणले तेव्हा अशा जागी वाचकाला जे मनातल्या मनात करावे लागे ते संपादकाला उघडपणे करावे लागले : प्रत्येक शब्दापाशी थांबून, येथे मूळ उच्चार कोणता, याचा निवाडा. एकदा अक्षराने सोडून दिलेली गोष्ट परत मिळवायला साडेतीनशे वर्षांनी एक मराठी माणूस बसावा लागला.

रेघा आणि टिंबे आली ती दुसऱ्या वाटेने. कलकत्त्यास सर विल्यम जोन्स याने आशियातील शब्द रोमन अक्षरांत कसे लिहावेत यावर एक प्रबंध लिहिला. तो १७८८ साली 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडात छापून आला. देवनागरीच्या एका वर्णाला रोमनचे एक ठरावीक चिन्ह, हे त्याचे धोरण. पुढे गोव्याच्या मोन्सेन्योर दालगादो यांनी आपला कोंकणी-पोर्तुगीज कोश १८९३ साली मुंबईत इंदुप्रकाश छापखान्यात छापला, तेव्हा शब्द देवनागरीत देऊन शेजारी रोमन रूप दिले आणि ही जोन्सची पद्धती आहे असे मुखपृष्ठावरच सांगितले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हंटरने सरकारी कामासाठी या पद्धतीला सुटसुटीत केले, म्हणजे टिंबे काढून टाकली आणि दीर्घ स्वरावरची खूण तेवढी ठेवली. आपल्या जिल्ह्याचे १८८२ सालचे गॅझेटियर उघडून पाहावे. त्यात ठाणे आणि कल्याण या दोन्ही नावांत 'ए'वर तिरपी रेघ आहे. आडवी नाही, तिरपी. कारण अगदी सामान्य असावे : तिरपी रेघ असलेला 'ए' युरोपीय भाषांसाठी ओतलेल्या खिळ्यांत आयता मिळे. दालगादोंच्या मुखपृष्ठावर त्याच कामासाठी टोपी आहे. १८९४ साली जिनीव्हाला प्राच्यविद्यापंडितांची परिषद भरली, आणि तिच्यानंतर दीर्घ स्वरावर आडवी रेघ नि मूर्धन्याखाली टिंब हा पाठ विद्वानांत रूढ झाला.

विद्वानांत, म्हणजे कचेरीत नव्हे. कचेरीत टंकलेखनयंत्र आले होते. युरोपच्या यंत्रांवर एक गमतीची कळ असे : ती दाबली की कागदावर रेघ उमटे पण गाडा पुढे सरकत नसे, आणि मग त्या रेघेखाली अक्षर टाइप करता येई. आमच्याकडे आलेल्या इंग्रजी यंत्रांवर तिचे काम नव्हते. तारायंत्राला तर रेघ परवडतच नव्हती. रेल्वेची स्थानकांची संक्षिप्त अक्षरे पाहिली की तो काळ अजून दिसतो : ठाणे 'टी-एन-ए' आहे, म्हणजे 'थाना', वसई रोड 'बी-एस-आर' आहे, म्हणजे बसीन रोड. नावे पालटली, अक्षरे राहिली. दिवा मात्र संपूर्ण चार अक्षरांनिशी दिवाच आहे.

आता संगणक. संगणकाला अक्षर ठाऊक नसते, अंक ठाऊक असतो. कोणत्या अंकाला कोणते अक्षर मानावयाचे याचा करार सर्वांनी पाळला, तरच एका यंत्राने लिहिलेले दुसऱ्याला वाचता येते. अमेरिकेत असा करार १९६३ साली झाला. त्याला 'आस्की' म्हणतात. त्यात जागा होत्या १२८, आणि त्यांतही काही यंत्रालाच हुकूम देण्यासाठी राखलेल्या. म्हणजे राचोलच्या केसपेक्षा कप्पे थोडे अधिक, आणि तिच्यातली पोर्तुगीज अक्षरे त्यांत नाहीत! १९६७ साली या कराराची सुधारलेली आवृत्ती निघाली, तीत लाट, टोपी आणि उलटी तिरपी रेघ यांना जागा मिळाल्या. हेतू चांगला होता. त्या काळचा संगणक कागदावर लिही. तेव्हा 'ए' उमटवावा, एक घर मागे यावे, आणि त्याच्यावर लाट उमटवावी, की झाला पोर्तुगीज अनुनासिक. पण लवकरच कागदाची जागा काचेच्या पडद्याने घेतली, आणि पडद्यावर एका घरात दुसरे अक्षर टाकले की पहिले पुसले जाते. लाट निराधार झाली. आपल्या घरच्या संगणकाचा कळफलक पाहा. डाव्या कोपऱ्यात वरती एक लाट आहे, आणि ती कशासाठी आहे हे सहसा कोणी सांगू शकत नाही. ज्या चिन्हाने राचोलला मराठी अनुनासिक छापला गेला, त्याचे हे यंत्रात उरलेले अवशेष आहेत.

प्रत्येक देशाने मग आपापली सोय लावली. पोर्तुगालने चौकटी आणि महिरपी कंसांच्या जागा घेऊन तेथे लाटवाले 'ए' नि 'ओ' बसविले. त्यामुळे लिस्बनचा मजकूर दुसरीकडे कंसांनी भरून जाई. १९८७ साली पश्चिम युरोपसाठी १२८ ऐवजी २५६ जागांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. पोर्तुगीज, फ्रेंच, जर्मन यांची सोय झाली. दिव्याच्या आडव्या रेघेची झाली नाही. ती रेघ मिळाली शेजारच्या दुसऱ्या तक्त्यात, आणि तीही लात्व्हियातील लोकांच्या कृपेने, कारण त्यांच्या भाषेत दीर्घ 'आ' तसाच लिहितात. टिंब मात्र कोणत्याच युरोपीय राष्ट्राला असे नको होते, म्हणून ठाण्याला या तक्त्यांत कोणी वाली भेटला नाही.

याच काळात तीन ठिकाणी तीन खटपटी चालू होत्या. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने १९६२ पासून दिल्लीत कचेरी थाटून मराठीसह भारतीय भाषांतील पुस्तके नेण्यास आरंभ केला होता. त्यांची नावे सूचीत रोमन अक्षरांतच घालावी लागत, आणि ग्रंथपालांनी हट्टाने रेघा-टिंबे राखली. त्यांच्या संगणकीय संकेतात आधी खूण लिहीत, मग अक्षर. टंकलेखनयंत्राच्या त्या न सरकणाऱ्या कळीची ही सवय. शिकागोत बसून मराठी पुस्तक हुडकणाऱ्याला ही अक्षरे नीट ठाऊक नसली, तर कपाटात असलेले पुस्तक त्याच्या दृष्टीने नव्हतेच.

दुसरी खटपट महाभारताची. भांडारकर संस्थेने पुण्यात १९६६ साली पुरी केलेली चिकित्सक आवृत्ती देवनागरीत आहे. पण तिचा संपूर्ण मजकूर संगणकावर प्रथम चढविला तो क्योतोच्या मुनेओ तोकुनागा यांनी, आणि रोमन अक्षरांत. केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी पुढे तो तपासून शुद्ध केला. रेघ-टिंबे नसलेल्या यंत्रावर संस्कृत लिहिण्यासाठी अशा मंडळींनी नाना युक्त्या काढल्या : मूर्धन्यासाठी मोठे अक्षर, दीर्घ स्वरासाठी तेच अक्षर दोनदा. अक्षर दुप्पट करण्याची ही युक्ती पाहून मला स्टीफन्सची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. गरीब केसपुढे बसलेला माणूस कोणत्याही शतकातला असो, तो तेच करतो.

तिसरी आपल्या घरची. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने 'इस्की' हा संकेत जाहीर केला. पुण्याच्या सी-डॅकने तो चालविला. त्याची कल्पना मोठी सुंदर होती. सर्व भारतीय लिपींचे वर्णमालाक्रम सारखेच, म्हणून वर्णाला एकच अंक द्यावा, आणि तो कोणत्या लिपीत दाखवावयाचा हे वेगळ्या खुणेने सांगावे. त्या लिपींच्या यादीत रेघ-टिंबांची रोमनही होती. म्हणजे स्मरणात 'ठाणे' एकदाच; हुकूम पालटला की तेच नाव देवनागरीत, गुजरातीत किंवा टिंबांसह रोमनमध्ये. जोन्सला जे कागदावर हवे होते ते यात यंत्राच्या पोटातच होत होते. हा संकेत मागे पडला याचे मला वाईट वाटते.

तो मागे पडला तो 'युनिकोड'मुळे. त्याची पहिली आवृत्ती त्याच १९९१ सालची. जगातल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा अंक, असा हा करार. त्यात आडव्या रेघेचा 'ए' म्हणजे २५७. टिंबाची अक्षरे १९९३ च्या आवृत्तीत आली. टिंबाचा 'एन' ७७५१. आपला देवनागरी दिवा म्हणजे २३४२, २३६७, २३५७, २३६६. यातील दुसरा अंक पहिल्या वेलांटीचा. आपण ती दच्या डावीकडे, आधी काढतो. संगणक ती दच्या नंतर साठवितो. रोमनमध्येही तोच नियम झाला : आधी अक्षर, मग खूण, ग्रंथपालांच्या नेमके उलट.

येथे एक पेच आहे, आणि तो मला चांगलाच भोवला आहे. रेघेचा 'ए' दोन प्रकारे लिहिता येतो. एक, तयार २५७. दुसरा, साधा 'ए' म्हणजे ९७ आणि त्यामागून नुसती रेघ, तिचा अंक ७७२. दिसायला दोन्ही सारखे. डोळ्यांत तेल घालून पाहिले तरी फरक नाही. यंत्राच्या दृष्टीने मात्र ते भिन्न शब्द. ठाणे जिल्ह्यातील स्थलनामांची एक सूची मी काही वर्षे जमवीत होतो. थोडी घरच्या यंत्रावर लिहिली, थोडी दुसरीकडे. शेवटी ती अकारविल्हे लावली, तर कल्याण दोनदा आले, शहाड दोनदा आले, आणि शोधायला गेल्यास निम्मी गावे सापडेनात. या दोन रूपांना एकाच साच्यात आणण्याचे नियम युनिकोडने घालून दिलेले आहेत, पण ते पाळले पाहिजेत हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे ती सूची एका छापखान्यात गेली. तिथल्या अक्षरसंचात टिंबाची अक्षरे नव्हती. मुद्रिते आली ती चौकोनांनी भरलेली. ठाण्याचे दोन चौकोन होते. जुळाऱ्याची केस अजूनही पुरती भरलेली नाही, एवढे त्यावरून समजलो.

मराठी माणसाचा या सगळ्यात एक खास प्रश्न आहे, तो ळचा. संस्कृताच्या अभ्यासकांनी टिंबाचा 'एल' ऌ या स्वरासाठी राखून ठेवला होता. जो वर्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या शब्दांत येतो त्याच्यासाठी! आपल्या काळे, कळवा, माळी, केळी यांनी कोठे जावे? २००१ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने भारतीय लिपींसाठी नवा तक्ता केला, त्यात टिंबाचा 'एल' ळला दिला आणि ऌ नि ऋ यांच्या अक्षरांखाली छोटे वर्तुळ घातले. न्याय झाला. पण विद्यापीठांतून जुना पाठ चालूच आहे, म्हणून असे अक्षर दिसले की आधी लिहिणारा संस्कृतवाला की मराठीवाला हे पाहावे लागते.

व्यवहारात रेघ गळते ती मात्र पंडितांच्या वादामुळे नव्हे. पारपत्राच्या तळाशी यंत्राला वाचण्यासाठी दोन ओळी असतात. त्यांत रोमनची २६ साधी अक्षरे, दहा आकडे आणि एक बाणासारखी खूण यांखेरीज काही चालत नाही. 'कमल' आणि 'कमाल' तेथे एक होतात. भ्रमणध्वनीवरचा लघुसंदेश १६० अक्षरांचा असतो, पण त्यात आडव्या रेघेचा एक जरी 'ए' घातला तरी मर्यादा ७० वर येते. स्टीफन्सच्या सहाशे साच्यांचाच हा हिशेब, फक्त नाणे निराळे.

तरी आपल्या खिशातले यंत्र काढून एक करून पाहावे. साध्या इंग्रजी कळफलकावर 'ए' दाबून धरला, की त्याचे भाईबंद वर येतात : तिरप्या रेघेचा, टोपीचा, लाटेचा, आणि बहुधा आडव्या रेघेचाही. तो निवडला की दिवा बिनचूक लिहिला जातो. मुंब्राही लिहिता येते. पण 'एल' दाबून धरून कळव्याचे टिंब मिळत नाही, आणि 'एन' दाबून धरला तर स्पॅनिश लाट मिळते, ठाण्याचे टिंब मिळत नाही. त्यासाठी वेगळा कळफलक मिळवावा लागतो, किंवा अक्षरामागून ८०३ क्रमांकाचे सुटे टिंब आणून जोडावे लागते. तेव्हा लोकलने ठाण्याहून निघालेल्या माणसाला, यंत्रात आहे त्या कळफलकावर रोमनमध्ये अचूक लिहिता येणारे पहिले स्थानक मुंब्रा, दुसरे दिवा. कोपरही लिहिता येते. डोंबिवलीपाशी पुन्हा टिंब आडवे येते.